‘परत जा’ म्हणणाऱ्यांस

हंगेरीच्या सीमेलगत ऑस्ट्रियाचा बुर्गनलांड प्रांत आहे. तेथे फेब्रुवारी १९९५ मध्ये ‘रोमांनो, हिंदुस्थानात परत जा’ अशा फलकास जोडलेल्या बॉम्बने चार रोमांचा बळी घेतला. त्यांच्या पूर्वजांनी भारत सोडून सुमारे हजार वर्षे लोटली; ‘पानी’ आणि ‘मनुष’ हे शब्द मात्र त्यांच्या भाषेत अद्याप जिवंत आहेत.

याच प्रांतात लाकेनबाख येथे १९४० साली नाझींनी त्यांच्यासाठी छावणी उघडली. नोव्हेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रियातून ५,००७ रोमा व सिंती पोलंडमधील वूच येथे धाडण्यात आले. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. टायफसमधून जे वाचले, त्यांना खेल्मनो येथे विषारी धुराने मारण्यात आले. त्यांतील एकही घरी परतला नाही.

कुळ विचारून माणसाचा हक्क ठरविणाऱ्या वृत्तीचा शेवट कोठे होतो, हे आम्हांस येथे स्वच्छ दिसते.