फोनची बॅटरी आणि नागपूरचा उन्हाळा

स्मार्टफोनमधली लिथियम-आयन बॅटरी दोन वाटांनी झिजते. चार्ज करणे आणि उतरवणे या फेऱ्यांनी ती झिजतेच, पण फोन कपाटात नुसता पडून राहिला तरी तिची क्षमता कमी होत जाते. ही दुसरी झीज किती वेगाने होईल ते दोन गोष्टींवर ठरते : बॅटरी किती भरलेली आहे आणि तिच्या आसपास किती उष्णता आहे. बॅटरीबद्दलचे बहुतेक सल्ले टक्क्यांभोवती फिरतात. ८० च्या वर नेऊ नका, २० च्या खाली आणू नका. हे सल्ले चुकीचे नाहीत, पण ते थंड देशांतून आले आहेत. नागपुरात टक्क्यांआधी थर्मामीटर पाहावा लागतो.

बॅटरीच्या एका टोकाला ग्रॅफाइट असते, दुसऱ्या टोकाला लिथियम आणि कोबाल्टचे ऑक्साइड, आणि मध्ये सेंद्रिय द्रावण. चार्जिंग सुरू झाले की लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. फोन वापरताना ते परत फिरतात. पहिल्या काही फेऱ्यांतच ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा जमतो. तो हवाच असतो, कारण द्रावणाची ग्रॅफाइटशी थेट होणारी अभिक्रिया तो रोखतो. मात्र काळाबरोबर तो जाड होतो आणि त्यात अडकलेले लिथियम कायमचे बाद होते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना सेलचा दाब ४.२ व्होल्ट किंवा नव्या फोनमध्ये त्याहूनही थोडा अधिक असतो, आणि त्या दाबाला धन टोकाकडे द्रावणाचे विघटनही होऊ लागते. या साऱ्या नको असलेल्या अभिक्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो.

‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या परिचित माहितीकोशात याचे आकडे मिळतात. ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंश सेल्सियसला वर्षभर ठेवली तर तिची सुमारे ९६ टक्के क्षमता उरते. तीच बॅटरी पूर्ण भरून ४० अंशांत वर्षभर ठेवली तर उरते सुमारे ६५ टक्के. एकही फोन न लावता, एकही व्हिडिओ न पाहता एक तृतीयांश क्षमता गेलेली असते.

आता हे ४० अंश नागपुरात किती परके आहेत ते पाहावे. मे महिन्याचे सरासरी कमाल तापमानच त्याच्या वर असते. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की पारा ४५ च्या आसपास घुटमळतो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. ॲपल कंपनी आपले फोन ० ते ३५ अंशांत वापरावेत असे सांगते, आणि ३५ च्या वरच्या उष्णतेने बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते असेही बजावते. नागपुरात मार्चमध्येच दुपारी ही मर्यादा ओलांडली जाते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश सहज वाढतात, म्हणून डॅशबोर्डवर राहिलेला फोन हे बॅटरीचे सर्वांत जलद नुकसान.

सर्वाधिक हाल होतात ते डिलिव्हरी करणाऱ्यांच्या फोनचे. दुपारी दोन वाजता वर्धा रोडवरून जाणाऱ्या दुचाकीच्या हँडलवर फोन होल्डरमध्ये अडकवलेला असतो, ऊन थेट काचेवर, नकाशा दिसावा म्हणून ब्राइटनेस पूर्ण, जीपीएस आणि डेटा सुरू, आणि त्यातच पॉवर बँकेची वायर जोडलेली. उष्णता चारही बाजूंनी येते. थोड्या वेळाने पडदा आपोआप मंद होतो आणि तापमान वाढल्यामुळे चार्जिंग थांबवल्याची सूचना झळकते. अनेकांना वाटते की फोन बिघडला. प्रत्यक्षात फोन स्वतःला वाचवत असतो. अशा वेळी वायर काढावी, कव्हर काढावे आणि फोन सावलीत ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपाय मात्र घातक, कारण बाहेर काढताच त्याच्यावर आणि आतही दव धरते. तसाच धोका कूलरचा. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा गारवा फोनला मानवतो, पण कूलरच्या तोंडाशी, तुषार उडतात त्या खिडकीत फोन चार्जिंगला लावला तर पोर्टमध्ये ओल शिरून पिना गंजतात. पंख्याखाली, कूलरपासून दोन-चार हात दूर, कव्हर काढून ठेवलेला फोन सर्वांत सुखात असतो.

म्हणून नागपुरात उन्हाळ्यात चार्जिंगची वेळच बदलणे शहाणपणाचे. पहाटे किंवा सकाळी आठच्या आत फोन भरून घ्यावा; दुपारी लागलाच तर थोडासा भरावा. थोडे थोडे भरल्याने काही बिघडत नाही. दोनदा पन्नास-पन्नास टक्के भरले की एकच फेरी मोजली जाते. बॅटरी पूर्ण उतरवून मगच लावावी ही जुनी समजूत निकेल-कॅडमियमच्या काळातली आहे. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली तेव्हाच या समजुतीची गरज संपली, पण ती अजून टिकून आहे.

रात्रभर लावून ठेवल्याने फोन ‘ओव्हरचार्ज’ होत नाही. भरल्यावर आतील सर्किट प्रवाह थांबवते. तोटा वेगळाच आहे. मे महिन्याच्या रात्री तापलेल्या स्लॅबखाली, त्यातही गादीवर किंवा उशीखाली, बॅटरी सहा-सात तास शंभर टक्क्यांवर राहते. बहुतेक नव्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. निदान एप्रिल ते जून ती सुरू ठेवावी. सेलचा वरचा दाब ४.२ ऐवजी ४.१ व्होल्ट ठेवला तर फेऱ्यांचे आयुष्य जवळपास दुप्पट होते, आणि त्याची किंमत एवढीच की फोन जरा लवकर उतरतो.

फास्ट चार्जिंग स्वतः वाईट नाही, त्यातून निघणारी उष्णता वाईट. जानेवारीत ते खुशाल वापरावे. मे महिन्यात, घाई नसेल तर, कमी वॅटचा साधा चार्जर बरा. वायरलेस चार्जिंगमध्ये बरीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. चार्जिंगला लावून गेम खेळणे तर उन्हाळ्यात टाळावेच. थंडीची मात्र नागपूरकरांनी चिंता करू नये. शून्याखाली चार्ज केल्यास ग्रॅफाइटवर लिथियमचा मुलामा चढतो, पण नागपूरचा पारा डिसेंबर २०१८ च्या कडाक्यातही ३.५ अंशांवरच थांबला होता.

बॅटरी बदलण्याची वेळ आलीच तर सीताबर्डीवर ती तासाभरात बदलून मिळते, पण स्वस्त ‘कॉपी’ घेऊ नये. भारतात मोबाइलच्या बॅटरीला भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी बंधनकारक आहे. मानकाचा क्रमांक आयएस १६०४६ आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बॅटरीवर छापलेला असावा लागतो. फोनची पाठ उचललेली दिसली किंवा पडद्याची कड वर आली तर आत वायू साठून बॅटरी फुगली आहे असे समजावे. ती दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. फोन बंद करून सेवा केंद्रात द्यावा. घरच्या कचऱ्यात ती टाकता येत नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.