उन्हाळा, घाम आणि बोटभर मावळा

वार्षिक परीक्षा आटोपली की सुट्टीचे बेत सुरू होतात. कोणी पोहायला शिकतो, कोणी टपाल तिकिटे जमवतो, तर कोणी दिवाळीतल्या किल्ल्यावर मांडायचे मावळे आतापासूनच रंगवून ठेवतो. शाडूचा किंवा प्लास्टरचा बोटभर उंचीचा मावळा, त्याचे पागोटे, त्याचा शेला, ढालीवरची नक्षी आणि ओठावरची मिशी! हे सारे रंगवायला शून्य नंबरचा कुंचला, स्थिर हात आणि भरपूर सवड लागते. सुट्टीत सवड असते. पण सुट्टी येते ती नेमकी वैशाखात. विदर्भात तर पारा ४५ अंश सेल्सिअसला सहज टेकतो. सपाट प्रदेशात तापमान ४५ अंशांवर पोहोचले, की हवामान खाते त्याला उष्णतेची लाट म्हणते. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी तापमान ५१ अंशांवर गेले होते.

अशा दिवसांत रंगवायला बसले की दोन तक्रारी हमखास येतात. पहिली ही, की रंग कुंचल्याच्या टोकावरच वाळतो. दुसरी ही, की अर्ध्या तासात डोके जड होते आणि हात थरथरू लागतो. या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच क्रिया आहे. ती म्हणजे बाष्पीभवन. गंमत अशी, की रंगातले पाणी उडू नये असे आपल्याला वाटते, आणि अंगावरचा घाम मात्र उडायलाच हवा! ही कसरत कशी साधायची ते पाहू.

हवेची तहान

हवेत पाण्याची वाफ किती मावते हे तापमानावर अवलंबून असते. २० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. ४३ अंशांना हाच आकडा ५९ ग्रॅमच्या आसपास जातो. आता समजा, नागपूरला दुपारी तापमान ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे. म्हणजे हवेत प्रत्यक्षात फक्त ९ ग्रॅम वाफ आहे आणि आणखी ५० ग्रॅम सामावून घ्यायला ती तयार आहे. त्याच वेळी मुंबईला तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर तेथील हवेत ३६ पैकी २५ ग्रॅम वाफ आधीच भरलेली आहे. जागा उरते ती केवळ ११ ग्रॅमची. नागपूरच्या हवेची तहान मुंबईच्या हवेच्या जवळजवळ पाचपट झाली! तेथे धुतलेले कपडे बघता बघता का वाळतात, हे आता लक्षात येईल.

रंग इतक्या लवकर का वाळतो?

हल्ली सर्रास मिळणारे ॲक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे बहुवारिकाचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे, अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्याबरोबर मिसळलेली रंगाची पूड. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांजवळ येतात, चिकटतात आणि त्यांचा अखंड पापुद्रा बनतो. हा पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. पोस्टर रंगांचे तसे नसते. त्यांत डिंकासारखा पाण्यात विरघळणारा चिकट पदार्थ असतो, म्हणून वाळलेल्या रंगावर पाणी टाकले की तो पुन्हा कालवता येतो. तैलरंगांची गोष्ट तर आणखी निराळी. ते पाणी उडाल्यामुळे वाळत नाहीत. त्यांतील जवसाच्या तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते घट्ट होतात. म्हणजे वाळण्याची खरी घाई असते ती ॲक्रिलिकला.

त्यातच आपले काम इवलेसे. मिशीसाठी आपण टाचणीच्या डोक्याएवढा रंग घेतो. थेंबाचा व्यास निम्मा केला तर त्याचे आकारमान एक अष्टमांश होते, पण पृष्ठभाग मात्र एक चतुर्थांशच राहतो. म्हणजे पाण्याच्या मानाने उघडी पडलेली जागा दुप्पट होते. थेंब जितका लहान, तितका तो लवकर सुकतो. भिंत रंगवणाऱ्याला जी अडचण जाणवत नाही, ती मावळा रंगवणाऱ्याला जाणवते ती यामुळेच.

माठासारखी पॅलेट

यावर उपाय सोपा आहे आणि तो घरीच करता येतो. डब्याचे एक पसरट, घट्ट बसणारे झाकण असलेले भांडे घ्या. तळाशी स्पंजाचा पातळ तुकडा किंवा जुन्या धोतराची चार-पाच पदरी घडी ठेवा. ती पाण्याने पूर्ण भिजवा, पण वर पाणी साचू देऊ नका. तिच्यावर बेकरीत भाजताना वापरतात तो बटर पेपर सपाट अंथरा. मेण लावलेला कागद चालणार नाही, कारण त्यातून पाणी झिरपत नाही. आता रंग या कागदावर काढा.

होते काय, की कापडातील पाणी केशाकर्षणाने कागदापर्यंत चढते आणि कागदातून हळूहळू रंगात शिरते. वरून जेवढे पाणी उडते, त्याची भरपाई खालून होत राहते. माठाच्या अंगातून पाणी झिरपते ना? तसाच हा प्रकार आहे. काम थांबवताना झाकण लावले की आतली हवा वाफेने संपृक्त होते आणि रंग दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. मात्र उन्हाळ्यात या ओल्या कापडावर बुरशी लवकर धरते. म्हणून पाणी रोज बदला आणि कापड धुऊन घ्या.

कुंचल्याची काळजी वेगळी. केसांच्या मुळाशी, पत्र्याच्या नळीजवळ रंग वाळला की केस फाकतात आणि टोक कायमचे जाते. म्हणून रंग टोकालाच घ्या आणि दर दोन-तीन मिनिटांनी कुंचला पाण्यात खळबळून घ्या. टोक आणण्यासाठी कुंचला ओठांत धरण्याची सवय काहींना असते. ती मुळीच नको. अमेरिकेत १९२० च्या सुमारास घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंगाने आकडे रंगवणाऱ्या मुली कुंचल्याला ओठांनीच टोक आणत. त्यातून रेडियम पोटात जाऊन कित्येकींना जबड्याचे व हाडांचे भयंकर आजार झाले आणि काही दगावल्या. आपल्या रंगात रेडियम नसते, पण रंग ही खाण्याची वस्तू नव्हे. पिण्याच्या पाण्याचे भांडेही कुंचल्याच्या पाण्यापासून दूर ठेवा. तहानेच्या भरात हात चुकीच्या भांड्याकडे जायला वेळ लागत नाही!

फवाऱ्याच्या डब्यातला रंग भर दुपारी वापरू नये. एक तर त्याचे तुषार मावळ्यापर्यंत पोहोचण्याआधी हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. दुसरे म्हणजे डबा तापला की आतला दाब वाढतो आणि तो फुटण्याचा धोका असतो. असा डबा उन्हात, पत्र्याच्या खोलीत किंवा बंद मोटारीत कधीही ठेवू नका.

आता आपल्या शरीराकडे

रंगाची सोय झाली. पण रंगवणाऱ्याचे काय? स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातही साधारण १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत निर्माण होत असते. हवा थंड असते तेव्हा ती आपोआप बाहेर जाते. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली, की उष्णतेचा प्रवाह उलटा होतो आणि ती बाहेरून आत येऊ लागते. मग शरीराजवळ एकच मार्ग उरतो, तो घामाचा.

हिशेब करून पाहा. १०० वॅट म्हणजे तासाला ३,६०,००० जूल. त्वचेवरचे एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जाते. भागाकार केला तर १५० ग्रॅम येतात. म्हणजे नुसते बसून मिशी रंगवायलासुद्धा तासाला मोठा कपभर घाम उडावा लागतो. बाहेरून येणारी उष्णता धरली तर आणखी जास्त. कोरड्या हवेत हा घाम दिसतसुद्धा नाही, इतक्या झटपट उडतो. म्हणून "मला घामच येत नाही" असे म्हणून पाणी न पिणारा मुलगा फसतो. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी थोडे थोडे पाणी प्या. घामाबरोबर मीठही जाते. त्यासाठी ताक, मीठ-साखर घातलेले कैरीचे पन्हे किंवा लिंबाचे सरबत उत्तम.

पंखा लावावा का? मुंबईत जरूर लावावा. तेथे त्वचेलगत साचलेली दमट हवा पंखा दूर करतो आणि घाम उडायला मदत होते. पण हवा ४० अंशांच्या वर गेली, की नुसता पंखा भट्टीचीच हवा अंगावर फेकतो आणि त्याचा अपाय होऊ शकतो. शिवाय रंगही आणखी झपाट्याने वाळवतो!

दोघांनाही मानवणारा उपाय

मग नागपूरकराने काय करावे? तेथे वाळ्याचे पडदे आणि पाण्याचे कूलर घरोघरी दिसतात, ते उगीच नव्हे. तापलेली कोरडी हवा ओल्या वाळ्यातून जाते, तेव्हा पाणी उडते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. हवा थंड होते आणि दमटही. थंड हवा अंगाला हवी असते आणि दमट हवा रंगाला. एकाच यंत्रात दोघांचे काम झाले! मात्र एक खिडकी थोडी उघडी ठेवा. नाहीतर खोलीत दमटपणा साचून कूलर निरुपयोगी होतो.

कूलर किती थंडावा देईल हे आधी कळू शकते. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओल्या मलमलीची पट्टी गुंडाळा, तिचे दुसरे टोक पाण्यात सोडा आणि वारा घाला. वर सांगितलेल्या नागपूरच्या हवेत ओला तापमापक २३ अंशांच्या आसपास उतरेल, म्हणजे २० अंशांचा फरक. मुंबईच्या हवेत तो २८ अंशांपाशीच थांबेल, म्हणजे फरक अवघा ५ अंशांचा. बाष्पीभवनाने हवा या ओल्या तापमापकाच्या खाली थंड होऊच शकत नाही. कोकणात कूलर का चालत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

वेळही नीट निवडा. सूर्य डोक्यावर दुपारी बाराच्या सुमारास येतो, पण जमीन तापत राहिल्याने कमाल तापमान दोन ते चारच्या दरम्यान येते. तेव्हा रंगकाम सकाळी साडेसहा ते साडेनऊपर्यंत उरकावे. प्रकाशही त्या वेळी चांगला असतो. रात्री बसायचे तर चेहऱ्याजवळ जुना ६० वॅटचा बल्ब लावू नका. तो बहुतांश विजेची उष्णताच करतो. तेवढाच प्रकाश ९ वॅटचा एलईडी दिवा देतो.

थांबण्याची खूण

डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे, पायात गोळे येणे ही शरीराची सूचना आहे. कुंचला ताबडतोब खाली ठेवा, गार जागी आडवे व्हा, अंग ओले करून वारा घ्या आणि पाणी किंवा जलसंजीवनी प्या. मात्र कोणी असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागली आणि अंग तापले असेल, तर तो उष्माघात समजावा. त्यात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि जिवाला धोका असतो. लगेच मोठ्यांना हाक मारा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आणि हो, या सुट्टीत एक प्रयोग कराच. स्टीलच्या ताटलीत एक आणि ओल्या पॅलेटवर एक, असे रंगाचे दोन सारखे थेंब ठेवा. कोणता किती मिनिटांत वाळतो ते पाहा. शेजारी कोरड्या व ओल्या तापमापकाची नोंद करा. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे आठवडाभर केलेत, तर तुमच्या गावच्या हवेची तहान तुम्हाला आकड्यांत सांगता येईल. कोकणातल्या मामेभावालाही हाच प्रयोग करायला सांगा. शाळा उघडल्यावर दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लावा आणि त्यांच्याखाली तुमचे मावळे मांडा. भूगोलाच्या आणि विज्ञानाच्या, दोन्ही शिक्षकांना ते पाहायला आवडतील.