बंद पेटीची परीक्षा

बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. कुंभाराने माती कोठली आणली, आवा किती तापवला, हे विचारीत नाही. आवाज बद्द आला की मडके खाली ठेवतो. आतले काही न पाहता केवळ बाहेरून परीक्षा करण्याची ही जी रीत, तीच संगणकाच्या आज्ञावलीस, म्हणजे सॉफ्टवेअरला, लावली की तिला ‘ब्लॅक बॉक्स’ चाचणी म्हणतात. आपण तिला बंद पेटीची परीक्षा म्हणू. पेटीत एका बाजूने काही घालायचे, दुसऱ्या बाजूने काय येते ते पाहायचे आणि जे यावयास हवे होते त्याच्याशी ते ताडून पाहायचे.

हा विषय पाटणसारख्या गावास दूरचा वाटेल. पण तसा तो नाही. महाराष्ट्रात सातबारा संगणकावर आला, तेव्हा 2017 साली चावडी वाचनाची मोहीम निघाली. संगणकातील उतारे गावोगाव वाचून दाखवायचे आणि ग्रामस्थांनी चुका सांगायच्या, अशी ती योजना होती. ऐकणाऱ्यास संगणकाचे ज्ञान नव्हते. पण आपले क्षेत्र किती, वारस कोण, हे त्यास पुरते ठाऊक होते. चूक टंकलेखनात झाली की आज्ञावलीत, हे बाहेरून कळत नाही. कळते एवढेच की, जुळत नाही. परंतु दुरुस्तीची सुरुवात तेथूनच होते.

या परीक्षेचे पहिले सूत्र असे की, कसोटीचा दगड हाती हवा. उत्तर बरोबर की चूक हे ठरवायचे कशावरून? कधी जुना हस्तलिखित उतारा हा दगड होतो, कधी एखादा नियम. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राहून अधिक भरली, तर जुना कागद न पाहताही चूक आहे असे म्हणता येते.

दुसरे सूत्र वर्गवारीचे. शितावरून भाताची परीक्षा होते, ती सारी शिते एकाच भांड्यात सारख्याच आचेवर शिजली म्हणून. आज्ञावलीत भांडी अनेक असतात. एकट्याची जमीन हे एक भांडे, सामाईक जमीन हे दुसरे, अज्ञान वारसाची तिसरे. प्रत्येकातले एक शीत तरी चेपून पाहिले पाहिजे. एकाच भांड्यातली शंभर चेपून लाभ नाही.

तिसरे सूत्र बांधाचे. शेतकऱ्यांचे तंटे शेताच्या मध्यावर होत नाहीत, बांधावर होतात. आज्ञावलीच्या चुकाही सीमेवरच दडतात. शंभर आरांचे एक हेक्टर होते. म्हणून आराच्या रकान्यात 45 घालून फारसे कळणार नाही. 0, 99 आणि 100 घालून पाहावे. शिवाय तेथे अक्षर घालावे, रकाना कोराही सोडावा. अशा वेळी पेटीने नम्रपणे नकार द्यावयास हवा. भलते उत्तर देता कामा नये.

बंद पेटीतील दोष बाहेरच्या माणसाने कसा पकडावा, याचे एक नामांकित उदाहरण 1994 सालचे आहे. अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आपल्या आकडेमोडीत विसंगती दिसली. त्यांनी तीच गणिते जुन्या यंत्रावर करून पाहिली आणि दोष इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये असल्याचे दाखवले. पुढे गाजलेला पडताळा तर शाळकरी मुलासही जमेल असा होता. 4195835 ला 3145727 ने भागावे आणि आलेल्या उत्तरास पुन्हा त्याच संख्येने गुणावे. मूळ संख्या परत यावयास हवी. सदोष चिप 4195579 देई, म्हणजे 256 कमी. भागाकारासाठी आत जे कोष्टक होते, त्यातील काही नोंदी राहून गेल्या होत्या. चिपा बदलून देण्यापायी कंपनीस 47.5 कोटी डॉलरांची तोशीस सोसावी लागली.

मग सारेच का तपासू नये? दहा अंकांपर्यंतच्या दोन संख्यांची बेरीज करणारी साधी पेटी घ्या. सर्व जोड्या तपासायच्या, तर सेकंदास एक कोटी बेरजा करूनही तीन लाखांहून अधिक वर्षे लागतील! म्हणून निवड करणे भागच आहे, आणि नेमके काय निवडावे यातच परीक्षकाचे कौशल्य आहे. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी बजावून ठेवले आहे की, चाचणीने दोष आहेत हे सिद्ध होते. दोष नाहीत हे कधीच सिद्ध होत नाही.

तात्पर्य, परीक्षक निर्दोषपणाचा दाखला देत नाही. काय घातले, काय आले, काय यावयास हवे होते आणि काय तपासावयाचे राहिले, या चार गोष्टी तो स्पष्ट लिहून देतो. आज आपला सातबारा, पेन्शन, शिधा आणि बँकेतील ठेव अशाच बंद पेट्यांत आहे. पेटी उघडण्याची विद्या सर्वांना येणार नाही. पण या चार गोष्टी लिहून तक्रार करणे सर्वांस जमण्यासारखे आहे. ‘संगणकातच तसे आहे’ हे उत्तर मिळाले, म्हणजे चौकशी संपली असे आपण मानू नये. ती तेथूनच सुरू करावी.