काळोखातून आलेला उजेड

वावर हे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते १९९२ साली. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली आणि हे दूरचे पाडे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. अशा गावातून आकाशाविषयी लिहायचे म्हटले की ओळखीची माणसे हटकून विचारतात, ‘जिथे पोटाचा प्रश्न, तिथे दीर्घिकेचे कौतुक कशाला?’ गंमत अशी की हा प्रश्न मला वावरमध्ये कुणीही विचारलेला नाही. तो शहरातच विचारला जातो.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर हिवाळ्यात अवस रात्री आकाश अगदी जवळ आल्यासारखे वाटते. मृग नक्षत्र पूर्वेला चांगले वर आले की त्याच्या उजवीकडे, दक्षिण आकाशात एक ओकाबोका भाग दिसतो. हा अश्मंत तारकासमूह. नुसत्या डोळ्यांना तिथे पाहण्यासारखे जवळजवळ काही नाही. पण याच रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्याकडे हबल दुर्बीण रोखली गेली, तेव्हा हजारो दीर्घिका सापडल्या. त्यांतलीच एक ‘एयूडीएफएस ०१’. नाव रुक्ष, पण तिची कथा आपल्या पुण्याशी जोडलेली आहे.

पुण्याच्या ‘आयुका’तील कनक साहा आणि त्यांच्या देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी २०२० च्या ऑगस्टमध्ये या दीर्घिकेविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. सप्टेंबर २०१५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहाने ऑक्टोबर २०१६ मध्ये या दिशेला २८ तासांहून अधिक काळ टक लावली होती. हाती आला तो अतिनील प्रकाशाचा एक पुसट ठिपका. तो खरोखर त्याच दीर्घिकेचा आहे, याची खात्री पटेपर्यंत पुढची काही वर्षे गेली.

ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेसारखी भरदार, डौलदार नाही. वस्तुमान थोडे, आटोपशीर अंगकाठी, आणि पुंजक्यापुंजक्यांनी जन्मणारे तप्त तारे. तिचा प्रकाश इथवर यायला ९३० कोटी वर्षे लागली. ‘तो उजेड निघाला तेव्हा आमचा पाडा होता का?’ असे एका पोराने मला विचारले होते. पाडा कुठला, बाळा, तेव्हा पृथ्वीच नव्हती! तिचे वय अवघे ४६० कोटी वर्षे.

मग एवढ्याशा ठिपक्याचे महत्त्व कशात? जव्हारच्या घाटात सकाळी दाट धुके पडते आणि ऊन चढले की विरते, तसेच काहीसे विश्वाच्या बाळपणी घडले. सगळीकडे थंड हायड्रोजन वायू पसरलेला होता आणि अतिनील किरण तो जागीच गिळून टाकी. पुढे पहिल्या ताऱ्यांच्या किरणांनी त्या वायूचे अणू फोडले आणि विश्व पारदर्शक झाले. हे काम मुख्यतः लहान दीर्घिकांनी केले असावे, असा अनेक शास्त्रज्ञांचा कयास आहे. पण त्यांचे किरण स्वतःच्याच वायूच्या वेढ्यातून बाहेर पडत होते का? ‘एयूडीएफएस ०१’ ही त्या काळाच्या बरीच नंतरची. पण तिच्यातून असे २० टक्क्यांहून अधिक किरण निसटतात. लहानांना हे साधते, याचा हा साक्षीदार.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. हबलचा आरसा २.४ मीटरचा, अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या अतिनील दुर्बिणीचा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा. तरीही हे किरण हबलला नव्हे, या धाकटीला गवसले. कारण तिच्या शोधकात उपकरणाचा स्वतःचा गोंगाट फारच कमी होता. मंद प्रकाश टिपायला डोळा मोठा असून भागत नाही. पार्श्वभूमीही तितकीच काळी लागते.

तशी काळी पार्श्वभूमी मुंबई-ठाण्याने केव्हाच गमावली. वावरकडे ती अजून आहे. अर्थात या काळोखाचे गोडवे गाणे मला जमत नाही. त्यातला बराचसा उपेक्षेतून आलेला आहे. रात्री अडलेल्या बाळंतिणीला रस्ता हवा, दवाखान्यात दिवा हवा. तो यायलाच हवा. पण येताना दिव्याला वरून झाकण घातले, उजेड जमिनीवर पाडला, तर खर्च वाढत नाही आणि आकाशही उरते. वावरच्या मुलांना भाकरी, दिवा आणि आकाश यांतले एकच निवडा, असे सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?