जागा नाही, सॉरी!

नाताळ म्हटलं की केक, चांदण्या आणि पार्टी. पण बायबलमधली मूळ गोष्ट सुरू होते ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या अडचणीपासून. जागा नसते!

डिसेंबर उजाडला की मला हमखास तीन प्रश्न येतात. ‘पार्टी कधी?’, ‘केक आणणार ना?’ आणि तिसरा, जरा संकोचत, ‘तू ख्रिश्चन, मग तुझं मराठी इतकं चांगलं कसं गं?’ मी फ्रीलान्स काम करते. त्यामुळे ऑफिसं बदलतात, प्रश्न मात्र तेच राहतात.

पहिल्या दोघांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्याला मी सांगते की बाबा रे, मी वसईची. आमच्याकडे मिस्सा मराठीत, गाणी मराठीत आणि भांडणंसुद्धा मराठीतच. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, तेही मराठीतच. आमच्या घरी टीव्हीशेजारच्या फळीवर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालाय. एवढं ऐकल्यावर समोरचा मुकाट्याने केकच्या विषयावर परत येतो.

यंदा ते ‘सुबोध बायबल’ मी खाली काढलं ते गोठ्यासाठी. नाताळचा गोठा सजवणं हे आमच्या घरात माझं खातं. पेंढा बाबा आणून देतात, बाकी सगळं मी बघते. ही प्रथा रूढ केली इटलीतल्या संत फ्रान्सिस असिसीकर यांनी, १२२३ साली ग्रेच्चो नावाच्या गावात. म्हटलं, यंदा काहीतरी हटके करू. गोठ्याशेजारी धर्मशाळा उभारू आणि दारात तिचा मालक. म्हणून संत लूक यांच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडला आणि चाटच पडले. मालक तिथे नाहीच!

एकच डायलॉग

या मालकाशी माझं जुनं नातं आहे. शाळेच्या नाटकात ही भूमिका सलग तीन वर्षं मी केली. डोक्याला फेटा, हातात कंदील आणि एकच डायलॉग. ‘जागा नाही!’ मग दार धाडकन बंद. टाळ्या पडायच्या. मरिया झालेल्या मुलीपेक्षा मला जास्त पडायच्या.

पण लूक इतकंच सांगतात की नावनोंदणीसाठी योसेफ आणि मरिया बेथलेहेमला गेले, तिथे असताना तिचे दिवस भरले, आणि जागा नसल्यामुळे बाळाला गव्हाणीत ठेवावं लागलं. कोणी हाकललं नाही, कोणी दार आपटलं नाही. गोष्टीत व्हिलनच नाही. फक्त जागा भरलेली होती.

हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. पण आठवला तो गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरमधला एक फोन.

मास कॉमला माझी एक जिवलग मैत्रीण होती. नोट्स एक, वडापाव एक, एडिटिंगच्या रात्रीही एकत्र. तिची नोकरी गेली होती. पीजीचं भाडं थकलं होतं. ‘दोन-तीन आठवडे तुझ्याकडे राहू का? हॉलमध्ये झोपेन,’ तिने विचारलं. मी अंधेरीत एका मुलीबरोबर वन-बीएचके शेअर करते. मी म्हटलं, ‘अगं, रूममेट नाही म्हणतेय. सॉरी गं.’

रूममेटला मी विचारलंच नव्हतं. डेडलाइन होती, डोकं भणभणलं होतं, आणि घरात आणखी एका माणसाचे प्रश्न नको होते. ‘चालेल गं, टेन्शन नको घेऊस,’ ती म्हणाली. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. शाळेतला डायलॉग मी पुन्हा म्हटला होता, आणि या वेळी शिताफीने, दार न आपटता.

न केलेल्या गोष्टींची यादी

नाताळच्या आधीचे चार रविवार आमचा आगमनकाळ असतो. तयारीचे दिवस. बाहेरची तयारी म्हणजे फराळ, रंगरंगोटी, नवे कपडे. आतली तयारी म्हणजे कन्फेशन. धर्मगुरूंसमोर आपल्या चुका कबूल करायच्या. यंदा माझी यादी नेहमीचीच होती. चिडचिड, खोटं बोलणं, बुडवलेल्या मिस्सा. आणि शेवटी, ‘एका मैत्रिणीला मदत केली नाही.’

फादरांनी बाकी काही न विचारता एवढंच विचारलं, ‘ती आता कुठे आहे?’

मला माहीत नव्हतं. वर्ष झालं होतं, आणि मला माहीत नव्हतं! ‘मग ते शोधून काढ. तेच तुझं प्रायश्चित्त,’ फादर म्हणाले. दहा प्रार्थना सांगितल्या असत्या तर दहा मिनिटांत सुटले असते.

खरं तर कॅथलिक माणसाला हे नवीन नाही. मिस्साच्या सुरुवातीच्या क्षमायाचनेत आम्ही विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबरच न केलेल्या गोष्टींचीही क्षमा मागतो. लहानपणापासून म्हणतेय, पण त्या शेवटच्या भागापाशी कधी थांबले नाही. मत्तय यांच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. तिथे दोषी ठरलेल्यांवर चोरीचा किंवा खुनाचा आरोप नाही. भुकेल्याला खायला दिलं नाही, परक्याला घरात घेतलं नाही, आजाऱ्याची विचारपूस केली नाही, एवढाच आहे. आणि ते बिचारे खरोखर चकित होऊन विचारतात, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना आठवतही नसतं. मला निदान आठवत तरी होतं.

आता तुम्ही म्हणाल, आजकाल सगळी पुस्तकं सांगतात की ‘नाही’ म्हणायला शिका. बरोबर आहे. वन-बीएचकेमध्ये सगळं जग मावत नाही. पण विचार करून म्हटलेलं ‘नाही’ वेगळं, आणि विचार करावा लागू नये म्हणून म्हटलेलं वेगळं. पहिल्यात आपण सरळ सांगतो, दुसरी एखादी सोय सुचवतो, नंतर फोन करून विचारतो. दुसऱ्यात आपण रूममेटचं नाव पुढे करतो.

जागा असते की केली जाते?

लूकच्या त्या ओळीत आणखी एक गंमत आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द आहे ‘काताल्युमा’. येशूच्या शेवटच्या भोजनाची खोलीही लूक याच शब्दाने सांगतात. दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यात मात्र खाणावळ-धर्मशाळेसाठी त्यांनी वेगळा शब्द वापरलाय. म्हणून आज अनेक अभ्यासक म्हणतात की भरलेली होती ती धर्मशाळा नव्हे, कोणाच्या तरी घरातली पाहुण्यांची खोली. त्या काळी तिकडच्या साध्या घरांत जनावरं रात्री घरातच बांधत आणि गव्हाणीही घरातच असे. म्हणजे कदाचित घर खच्चून भरलेलं असतानाही कोणीतरी सरकलं, आणि गव्हाण रिकामी करून दिली. नाव नाही, गाव नाही, डायलॉगही नाही. पण नाताळ घडला तो त्या सरकण्यामुळे.

असं सरकणारी माणसं आपल्याकडेही होती. पंडिता रमाबाईंचंच घ्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी स्वतः आई-वडील गमावले होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली, विधवा यांना घेऊन आल्या. पुण्यात शारदा सदन आधीच चालू होतं. आणखी शेकडोंसाठी तयार इमारती कुठे होत्या? केडगावच्या शेतजमिनीवर सोय उभी केली, आणि त्यातून मुक्ती मिशन वाढलं. त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबलचा अनुवाद केला. त्याचे खिळे जुळवले, छपाई केली ती मुक्तीतल्या बायकांनी. संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये, रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी. ज्यांना कुठेच जागा नव्हती, त्यांच्या हातून ते पुस्तक घडलं.

मी काही पंडिता रमाबाई नाही. मला फक्त एक फोन करायचा होता, आणि त्याला मी सहा दिवस लावले.

तिने उचलला. ‘बोल.’ त्यानंतर ती महिनाभर डोंबिवलीला आईच्या मावशीकडे राहिली होती. आता पुण्यात नोकरी करते. मी सांगून टाकलं, ‘मी रूममेटला विचारलंच नव्हतं गं.’

‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘तू खोटं बोललीस की तुझा आवाज गोड होतो.’

दोघींनाही पुढे काही सुचेना. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही तसं वदवून घेतलं नाही. ‘नाताळला वसईला ये, राहायलाच ये,’ एवढं म्हटलं. ‘बघते,’ ती म्हणाली. ती येईल की नाही, खरंच माहीत नाही.

घरी आईला सांगितलं तर तिने एक शब्द न विचारता जास्तीची गादी उन्हात टाकली. गोठाही मी लावलाय. धर्मशाळा कॅन्सल. त्याऐवजी एक छोटं घर केलंय, दार उघडं ठेवून.

तुमच्या फोनमध्येही असं एखादं नाव असेलच. पंचवीस तारखेच्या आत लावून बघा. केक काय, नंतरही मिळतो!