पावडर घातली, मग तराई कशाला?

मालेगावच्या मे महिन्यात सकाळी केलेला गिलावा दुपारपर्यंत पांढरा पडायला लागतो. विहीर तळाला गेलेली, टँकर विकतचा. अशा वेळी मालात मिसळायची, ‘आतून तराई करणारी’ पावडर मिळते असं कळलं की घर बांधणाऱ्याला ती हवीशी वाटणारच. या पावडरीमागचं शास्त्र खरं आहे. पण ती घातली की पाणी मारायला नको, हा समज भिंतीचं नुकसान करतो.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. या संयोगातून जे तयार होतं, ते सिमेंट आणि पाण्याच्या मूळ जागेपेक्षा थोडी कमी जागा घेतं. ही घट 50 किलोच्या गोणीमागे, सगळं सिमेंट कामी आलं तर, सुमारे 3 लिटर. माल घट्ट झाल्यावर तेवढ्या बारीक पोकळ्या आत पडतात, त्यांतली ओल कमी होते आणि बाहेर एक थेंबही न उडता माल आक्रसतो. आतली तराई आहे ती या आक्रसण्यासाठी. डेन्मार्कमध्ये येन्सन आणि हान्सन यांनी 2001 मध्ये त्यासाठी पाणी शोषणारे पॉलिमरचे कण सुचवले. लहान मुलांच्या डायपरमध्ये असतो त्याच जातीचा हा पदार्थ. कण पाणी धरून ठेवतात आणि सिमेंटला तहान लागेल तसं सोडतात.

आता हिशेब करू. एका गोणीला पूर्ण संयोगासाठी साधारण 21 लिटर पाणी लागतं. दुरुस्तीच्या भारी मालात किंवा उच्च ताकदीच्या काँक्रीटमध्ये ते 15 लिटरवर आणलेलं असतं. तिथे पाणी खरंच कमी पडतं आणि कणांतून पावणेतीन लिटर जादा पुरवलं की फरक दिसतो. पण घराच्या 1:4 गिलाव्यात गोणीमागे 30 लिटरही सहज जातं. तिथे पाणी कमी नाही, ते टिकत नाही. वरून ऊन आणि वारा ओढतो, मागून कोरडी वीट शोषते. भिंतीवरच्या जाळीदार चिरा बहुतेक या वाळण्याच्या असतात, आणि ते वाळणं कोणतीही पावडर थांबवत नाही. त्यावर उपाय म्हणजे आदल्या दिवशी भिजवलेली भिंत, ओलं गोणपाट आणि पाणी. काँक्रीटसाठीचं आयएस 456:2000 कोरड्या, उष्ण हवेत किमान 10 दिवसांची तराई सांगतं. दीड-दोन सेंटिमीटरचा गिलावा तर त्याहून लवकर वाळतो.

मुठीने अंदाजे पावडर टाकणंही चुकीचं. साध्या पाण्यात हे कण वजनाच्या शेकडो पट पाणी पितात, पण सिमेंटच्या क्षारयुक्त पाण्यात साधारण 10 ते 20 पटच. म्हणून मोजून, जादा पाण्यासह घालावे लागतात. नाहीतर ते मालातलंच पाणी ओढतात, माल आखडतो आणि गवंडी नळी सोडतो. शिवाय पाणी गेल्यावर कणांच्या जागी पोकळी उरते. मात्रा चुकली तर ताकद घटते.

सच्छिद्र पदार्थात पाणी साठवायचं तत्त्व आपल्याला अगदीच परकं नाही. चुन्याच्या बांधकामात घालायची सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी. तिचं मुख्य काम चुन्याशी संयोग पावण्याचं. पण विटेचा चुरा पाणी धरतो, म्हणून आतल्या तराईसाठीही त्याच्यावर प्रयोग झाले आहेत. मात्र तो आधी भिजवूनच घालायचा. कोरडा चुरा उलट मालाचं पाणी पितो.

चिरा टाळायला सिमेंट वाढवू नका. जास्त सिमेंटचा गिलावा जास्त आक्रसतो.

आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली चीर दिसली तर गिलाव्याला दोष देण्याआधी पाया पाहा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतीला हलवते. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजून ठेवा आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजा.