लिटरचा दर आणि वर्षाचा हिशेब

दुधाच्या पिशवीची किंमत दोन रुपयांनी चढली म्हणजे शहरात घरोघर तिची चर्चा होते. त्याच सुमारास दूध घालणारा शेतकरी दर पडल्याची तक्रार करीत असतो. हे ऐकून श्रोता बुचकळ्यात पडतो. दोघांपैकी एक कोणीतरी अतिशयोक्ती करीत असावा, असे त्यास वाटू लागते. वस्तुतः दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. गिऱ्हाईक पिशवीची किंमत पाहते, शेतकरी संकलन केंद्रावरील दर पाहतो; परंतु त्याच्या कुटुंबाचे बरेवाईट या दोहोंवर नव्हे, तर गाईच्या एका संपूर्ण वेताच्या हिशेबावर ठरते. तो हिशेब एकदा मांडला म्हणजे नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यासारख्या डोंगरी मुलखातील कुटुंबापुढे कोणता पेच आहे, तेही ध्यानात येते.

प्रथम दर कसा ठरतो ते पाहू. केंद्रावर दूध केवळ मापले जात नाही, तपासलेही जाते. त्यातील स्निग्धांश, म्हणजे ज्यास खेड्यापाड्यांतही आता फॅट म्हणतात तो, आणि स्निग्धांशाखेरीज उरलेले घनपदार्थ किती, यावर मोल ठरते. गाईच्या दुधास अनुक्रमे ३.५ आणि ८.५ टक्के हे प्रमाण धरलेले आहे. प्रमाण घटले की दर घटतो.

आता एका संकरित गाईचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. गावोगाव ते थोडेफार बदलतील, परंतु रीत हीच राहील. समजा, गाय तीनशे दिवस सरासरी दहा लिटर दूध देते. एका वेतात तीन हजार लिटर झाले. ३० रुपये दराने ९०,००० रुपये आले. परंतु एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत सुमारे सव्वाचारशे दिवस जातात. म्हणजे जवळजवळ चार महिने गाय भाकड असते. ती खाते, देत मात्र काही नाही. शरीरपोषणासाठी रोज दीड किलो आणि अडीच लिटर दुधामागे एक किलो, असे खुराकाचे प्रमाण धरले, तर या अवधीत सुमारे १,८४० किलो पेंड व पशुखाद्य लागते. किलोस ३० रुपये धरता ५५,२०० रुपये त्यातच गेले. उरले ३४,८००, सव्वाचारशे दिवसांवर वाटले म्हणजे दिवसास ८२ रुपये. त्यातून रोजच्या पाच किलो कडब्याचे ४० रुपये वजा करा. बाकी ४२ रुपये. हिरवा चारा, औषधपाणी, विमा, रेतन आणि पहाटे व सायंकाळी राबणाऱ्या घरच्या माणसांची मजुरी, हे सर्व या बेचाळीस रुपयांत बसवावयाचे आहे.

आता दर ३० वरून २५ वर आला असे समजा. उत्पन्नात १५,००० रुपयांची तूट आली. दिवसाची बाकी सात रुपयांच्याही खाली गेली. दर एक षष्ठांशाने उतरला; हाती राहणारी रक्कम मात्र एक षष्ठांशच उरली. पाच रुपये हा आकडा शहरात लहान वाटतो. गोठ्यात तो इतका मोठा असतो. अशा वेळी घरच्या बाईची मजुरी हिशेबात धरलेली नसते, एवढ्याच आधारावर तो गोठा चालू राहतो.

हा उतार येतो तरी का? पावसाळ्यानंतर हिरवा चारा मुबलक होतो आणि हिवाळ्यात दुधाचा पुष्टकाळ येतो. दूध वाढते, पिणारी तोंडे तेवढीच राहतात. शिल्लक दुधाची भुकटी व लोणी करावे लागते. शंभर लिटर गाईच्या दुधापासून साधारण साडेआठ किलो भुकटी आणि चार किलो लोणी निघते. भुकटीचा बाजार देशभर, किंबहुना जगभर पसरलेला आहे. तेथे भाव पडला की त्याचा धक्का थेट सिन्नर-संगमनेरच्या गोठ्यापर्यंत पोहोचतो. राज्य शासनाने जुलै २०२३ मध्ये गाईच्या दुधास किमान ३४ रुपये दर ठरविला होता. परंतु वर्ष संपण्यापूर्वीच प्रत्यक्ष दर २५ ते २७ रुपयांपर्यंत खाली आले. पुढे २०२४ च्या आरंभी लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर झाले, आणि त्या वर्षीच्या जुलैपासून ३० रुपये दर व त्यावर पाच रुपये अनुदान अशी व्यवस्था करण्यात आली. ही मदत जनावराच्या कानातील बिल्ल्याच्या नोंदीवर आणि बँकेतील खात्यावर अवलंबून होती. जे दूध केंद्रावर जातच नाही, त्यास तिचा लाभ नव्हता.

येथे पेठचा प्रश्न उभा राहतो. नाशिकहून सावळघाट उतरून जावे, म्हणजे भात, नागली आणि वरई यांचा मुलूख लागतो. पाऊस मुसळधार, वस्ती पाड्यापाड्यांनी विखुरलेली. येथील गाय डांगी जातीची. तिच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो, त्यामुळे संततधार पावसाचा तिला उपद्रव होत नाही. खूरही काळे व कणखर. दूध मात्र बेताचेच, वेतास सरासरी पाचशे लिटरच्या आसपास, आणि त्यातही वासराचा वाटा. केवळ दुधाच्या वहीत पाहता ही गाय निरुपयोगी ठरेल. परंतु ती रानात चरते, भाताच्या पेंढ्यावर राहते, तिचे गोऱ्हे चिखलणीस जुंपले जातात आणि शेण राबास व शेतास मिळते. विकतचा खुराक नाही, म्हणून दर कोसळल्यास तिचा धनी बुडत नाही. अर्थात दर चढल्यास त्यास विशेष लाभही होत नाही.

शासकीय योजनांतून आदिवासी कुटुंबांस दुधाळ जनावरे दिली जातात. हेतू स्तुत्य आहे. तथापि संकरित गाय दारी आली म्हणजे पेंड विकत आणावी लागते, पावसात कोरडा गोठा लागतो आणि दिवसातून दोनदा धार काढावीच लागते. दिवाळीनंतर पेठची अनेक कुटुंबे मजुरीसाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांकडे जातात. गाईसाठी घरात कोणीतरी मागे राहावे लागते, व तितकी मजुरी बुडते. शिवाय काढलेले दूध तीन-चार तासांत थंड झाले नाही तर नासू लागते. पाड्यावरील दोन-दोन लिटरसाठी गाडी धाडणे एकट्या कोणासही परवडत नाही. म्हणून येथे दराआधी संकलनाची आणि शीतकरणाची सोय हवी. हे डोंगरात अशक्य आहे असे नव्हे. सरहद्दीपलीकडे वलसाड जिल्हा दूध संघाच्या ‘वसुधारा’ डेअरीने आदिवासी गावांतूनच सहकारी संस्थांचे जाळे विणले आहे.

तात्पर्य, दुधाळ गाय घेण्यापूर्वी कुटुंबाने चार गोष्टी विचाराव्यात: बारा महिने चारा आहे काय, भाकड काळाची तरतूद आहे काय, घरी राहणारे माणूस आहे काय, आणि चालत जाण्याच्या अंतरावर केंद्र आहे काय. चारांची उत्तरे होकारार्थी असतील तर दर दहा दिवसांनी हाती पडणारा दुधाचा पगार त्या घरास खरोखर आधार देईल. एकही नकारार्थी असल्यास दारची डांगी विकण्याची घाई करू नये. शहरातील गृहस्थानेही पिशवीची किंमत वाढल्याचे ऐकले म्हणजे आणखी एक प्रश्न विचारावा: वाढलेल्या दोन रुपयांपैकी गोठ्यापर्यंत किती पोहोचले? वरच्या हिशेबात दोन रुपये म्हणजे वेतामागे सहा हजार, दिवसास चौदा रुपये होतात. बेचाळीस रुपये उरणाऱ्या घरात ती रक्कम थोडी नव्हे.